सरळ रचलेली लाकडं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या कार्यालयाचे प्रमुख योर्मा रूस्का, व्यासपीठावर बसलेले न्यायालयाचे आणि पोलीस ठाण्याचे माननीय प्रतिनिधी, चर्चचं हे सभागृह आणि त्याहून मोलाची म्हणजे ही भली मोठी कॉफीची किटली आपल्याला वापरायला देणाऱ्या पाद्रीबाई, जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती आपली रायली कोक्कोनेन, आणि आपल्या परंपरेला जागून मागच्या रांगांत दाटीवाटीनं बसून पुढच्या तीन रांगा रिकाम्या ठेवणाऱ्या सर्व सहकाऱ्यांनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मला इथे ओळखणारे थोडे आणि माझ्या सहीचे कागद ओळखणारे जास्त असतील. मी टाउनो. राजधानीतल्या मुख्य कार्यालयात प्रशिक्षण विभाग आहे, त्याच्या शेवटच्या खोलीत मी बसतो. शिक्षा झालेल्या माणसांवर तुरुंगाबाहेर देखरेख करणाऱ्या तुम्हा अधिकाऱ्यांना आम्ही शिकवतो, आणि शिकवलेलं कितपत शिकलं गेलं ते मोजण्याचं काम माझं. थोडक्यात, मी मोजणारा माणूस. शिकवणाऱ्यावर लोक प्रेम करतात, शिकणाऱ्याचं कौतुक होतं, मोजणाऱ्याला कुणी केक कापायलासुद्धा बोलावत नाही. त्यामुळे योर्मानं फोन करून बोलावलं तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. तो म्हणाला, पाच मिनिटं बोल, दोन गोड शब्द बोल आणि कृपा करून आकडे सांगू नकोस. अध्यक्ष महोदय, यातली एकही अट माझ्याकडून पाळली जाणार नाही. तुम्हाला मी हे कालच कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं तर तुम्ही मला बोलू दिलं नसतं, आणि ते तुमच्या जागी बरोबरच ठरलं असतं.

आधी गोड शब्द. रायलीबद्दल ते शोधावे लागत नाहीत. एकतीस वर्षं या जिल्ह्यातल्या खडीच्या रस्त्यांवर तिची लाल गाडी फिरली. कुणाच्याही घरी गेली की दारात बूट काढायचे, पिशवीतून घरचे लोकरीचे मोजे काढून चढवायचे आणि मगच आत जायचं. 'खोटं बोलायचं असेल तर आधी कॉफी कर, रिकाम्या पोटी मला खोटं पचत नाही,' असं ती अट्टल चोरांना सांगायची. एकदा एकानं दारच उघडलं नाही. आत होता, पडदा हलत होता, पण दार बंद. रायली पायरीवर बसली, विणकाम काढलं आणि मोजा विणू लागली. दोन तास. शेवटी दार किलकिलं झालं आणि तो गडी म्हणाला, तुझी टाच चुकतेय, मघापासून बघवत नाहीये. त्याच्या आजीनं त्याला विणायला शिकवलं होतं. त्यानं टाच उसवून पुन्हा विणून दिली आणि तेवढ्यात दारू कधीपासून पुन्हा सुरू झाली तेही सांगून टाकलं. आमच्या प्रशिक्षणात 'सहकार्य न करणाऱ्या व्यक्तीशी संवाद' यावर अर्धा दिवस असतो. त्यात विणकाम नाही.

हसलात, बरं झालं. यापुढे हसण्यासारखं फारसं नाही.

रायली एकोणसाठ वर्षांची आहे. ती निवृत्तीच्या वयाच्या चार वर्षं आधी सेवा सोडून चालली आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'स्वेच्छेने' असा शब्द छापला आहे. स्वेच्छा म्हणजे काय हो? एखाद्या माणसाखालची खुर्ची थोडी थोडी करून सरकवत न्यायची आणि तो उठून उभा राहिला की म्हणायचं, आपणहून उठला. ही खुर्ची सरकवण्यात पहिला हात कुणाचा होता, ते सांगायला मी आलो आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमध्ये तळ्याकाठच्या प्रशिक्षण केंद्रात तीन दिवसांचा वर्ग झाला. तुमच्यातले काही जण त्यात होते. विषय, जोखमीचा नवा तक्ता. बेचाळीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज केली की माणूस कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीचा ठरतो. त्यावरून पुढचं सगळं ठरतं. मध्यम असेल तर पंधरा दिवसांतून एकदा कार्यालयात भेट. जास्त असेल तर पोलिसांबरोबर बैठक, अचानक घरभेटी, आणि ज्यांना धोका आहे त्यांना आगाऊ सूचना. तक्ता चांगला आहे. हे मी आजही म्हणतो. त्यानं बऱ्याच ठिकाणी मनमानी थांबवली. तक्त्याला दोष देऊन मोकळं व्हायला मी इथे उभा नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही सर्वांना चार सराव प्रकरणं देतो. प्रत्येकानं एकट्यानं गुण द्यायचे, कागदावर नाव घालायचं नाही. मग मी ते आमच्या 'बरोबर' उत्तरांशी जुळवतो. शंभरात नव्वद जुळली तर प्रशिक्षण यशस्वी, आणि मगच मंत्रालय ते देशभर न्यायला परवानगी देणार. वर्गात बारा जण होते. बारा जण, चार प्रकरणं, अठ्ठेचाळीस उत्तरं. आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, मी पुन्हा सांगेन. मला ते विसरता येत नाहीत.

प्रकरणं खऱ्या फायलींवरून बनवलेली असतात. नावं, गावं, धंदे बदलायचे, बाकी तेच. चौथं प्रकरण या कार्यालयानं पाठवलेल्या फायलीवरून मी स्वतः तयार केलं. बायकोला दोनदा मारहाण करून शिक्षा झालेला, लाकडाचा ट्रक चालवणारा माणूस. मी त्याला बेकरीत कामाला लावला आणि नाव दिलं ओस्मो. त्याचं खरं नाव मी आज घेणार नाही, ओस्मोच म्हणेन. फायलीत होतं की दारू सोडली आहे, भेटीला वेळेवर येतो, शांत बोलतो, घर नीटनेटकं आहे, अंगणात लाकडं व्यवस्थित रचलेली आहेत. मी बेरीज केली. मध्यम. म्हणजे बरोबर उत्तर मी ठरवलं, माझ्या टेबलाशी बसून, त्या माणसाला एकदाही न पाहता.

दुपारच्या जेवणाला मी रांगेत ताट घेऊन उभा होतो तेव्हा रायली माझ्या मागे येऊन उभी राहिली. आम्ही एकमेकांना आधी फक्त फोनवर ओळखत होतो.

"टाउनो, चौथं प्रकरण माझं आहे."

"ते कुणाचंच नाही, रायली. तो कागद आहे."

"बेकरीत घातलास त्याला. पण तो आहे तोच. मी सहा वर्षं त्याच्या घरी जाते."

मी तिला समजावलं. गुण कागदावर जेवढं आहे तेवढ्यावरच द्यायचे, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या आठवणी काढेल आणि मोजमाप कशाचं करणार? हे मी दरवर्षी सांगतो. माझं पाठ आहे.

"कागदावर नाहीये म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

तेवढ्यात माझी पाळी आली आणि मी बटाटे वाढून घेतले. हे अगदी असंच घडलं. रायलीचं बोलणं मी बटाट्यांपायी अर्धवट सोडलं.

ती काय सांगणार होती ते तेव्हा मी ऐकलं नाही. आता ऐकलं आहे, तुम्हीही ऐका. ओस्मोबरोबर नऊ वर्षं संसार केलेल्या बाईनं रायलीला एक गोष्ट सांगितली होती. तो बरा असला की अंगणातली लाकडं कशीही पडलेली असतात, ओली-सुकी एकत्र, कुऱ्हाड त्यातच. त्याच्या डोक्यात काही शिजायला लागलं की तो लाकडं रचायला घेतो. एकेक ओंडका मापात. केस कापून घेतो, बोलणं कमी करतो, घड्याळाच्या ठोक्याला येतो. दोन्ही मारहाणींच्या आधी ती रास सूत लावल्यासारखी सरळ झाली होती.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे सरळ रचलेली लाकडं पाहून कुणाला भीती वाटली आहे? आपण तर अंगणातली रास पाहून माणसाची पारख करणारे लोक. माझ्या सासऱ्यांनी माझी लाकडं बघूनच मला मुलगी दिली, असं ते लग्नात सगळ्यांना सांगत होते. आणि शांतपणा? कमी बोलणारा माणूस आपल्याला भला वाटतो, जास्त बोलणाऱ्याकडे आपण जरा संशयानं बघतो. तक्ता बनवताना परदेशातून प्रश्न आले, पण शून्य कशाला द्यायचं हे आम्हीच ठरवलं. नीटनेटकं घर, शून्य. वक्तशीरपणा, शून्य. शांत वागणूक, शून्य. आम्ही आमचा आवडता जावई डोळ्यांसमोर ठेवला आणि त्याला शून्य जोखीम दिली.

रायलीनं हे फायलीत का लिहिलं नव्हतं, असा प्रश्न चौकशी समितीनं विचारला. तुम्हाला उत्तर माहीत आहे. आपल्या कायद्यानं त्या माणसाला स्वतःची फाईल वाचायचा हक्क आहे, आणि ओस्मो दर वर्षी हक्कानं ती मागून वाचायचा. लाकडांचं त्याला कळलं असतं तर ते कुणी सांगितलं हेही त्याच मिनिटाला कळलं असतं. म्हणून त्या दोघी बायकांनी आपसात ठरवलं होतं. रायली दर महिन्याला अंगणातून चक्कर मारायची. रास सरळ दिसली की फोन. एका शरद ऋतूत तसा फोन गेला होता. त्याच्या बायकोनं, तोवर घटस्फोट झाला होता, बॅग उचलली आणि बहिणीकडे तीन आठवडे राहिली. त्यानं काही केलं नाही. लाकडं पुन्हा विस्कटली. त्या तीन आठवड्यांत काहीच घडलं नाही, आणि जे घडलं नाही त्याला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

मी वर्गाकडे परत येतो. संध्याकाळी मी उत्तरं जुळवली. चौथ्या प्रकरणात अकरा जणांनी मध्यम लिहिलं होतं, माझ्यासारखं. एकानं जास्त. कागदावर नाव नव्हतं, पण अक्षर कुणाचं असेल ते मला कळायला वेळ लागला नाही. इतर प्रकरणांत चार चुका होत्या, ही पाचवी. अठ्ठेचाळीसपैकी त्रेचाळीस. टक्के काढले, एकोणनव्वद पूर्णांक सहा. नव्वदला थोडे कमी. तो एक कागद बाजूला काढला तर चव्वेचाळीसपैकी चाळीस, म्हणजे नव्वद पूर्णांक नऊ.

मी तो कागद बाजूला काढला. नियमात बसवून काढला, तसा मी काळजी घेणारा आहे. अहवालात तळटीप दिली की एका सहभागीनं प्रकरणाबाहेरील माहिती वापरल्यामुळे उत्तरपत्रिका ग्राह्य धरलेली नाही. सहभागींनी भरलेली अभिप्रायाची पत्रकंही जोडली. पाचापैकी प्रशिक्षकाला चार पूर्णांक एक मिळाले होते आणि कॉफीला चार पूर्णांक आठ. मंत्रालयाकडून अभिनंदनाचं पत्र आलं. ते मी खोलीत भिंतीला लावलं.

पुढे जे झालं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण ते क्रमानं कुणी सांगितलेलं नाही. कागद निनावी होता, पण अक्षर ओळखून मी यादीत रायलीच्या नावापुढे खूण केली. उत्तरपत्रिका ग्राह्य नाही म्हणजे प्रशिक्षण पूर्ण नाही. प्रशिक्षण पूर्ण नाही म्हणजे हिंसेची प्रकरणं हाताळता येणार नाहीत. ऑक्टोबरात रायलीकडून तिच्या सात फायली काढून घेतल्या आणि तिला नव्वद किलोमीटरवरच्या उत्तरेच्या शाखेत दंड भरणाऱ्यांच्या कामावर पाठवलं. योर्मा, तू त्या पत्रावर सही केलीस ती माझ्या यादीवरून. तुला दुसरा पर्याय नव्हता, हे मी इथे सर्वांसमोर सांगतो.

ओस्मोची फाईल लाउरीकडे गेली. लाउरी तिथे खिडकीजवळ उभा आहे. तो आज येणार नव्हता, रायलीनं त्याला ओढून आणलं. हस्तांतराच्या बैठकीत रायलीनं त्याला लाकडांचं सगळं सांगितलं होतं. त्यानं ते चौकशीत लपवलं नाही, आणि मला भेटल्यावरही लपवलं नाही. मी त्याला विचारलं की मग त्यावर काही केलं का नाहीस? तो म्हणाला, "वर्गात शिकवलं होतं की आडाखे दाराबाहेर ठेवून आत जायचं. मी ठेवले." वर्गात ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं होतं. मोठ्या अक्षरात.

मार्चअखेरीस लाउरी घरभेटीला गेला. खरं तर मध्यम जोखमीच्या माणसाकडे जायची गरज नव्हती, तो आपल्या मनानं गेला, इतका तो कामसू आहे. परत येऊन त्यानं नोंद केली. घर व आवार अतिशय व्यवस्थित. लाकडं उत्तम रचलेली. वागणूक शांत. त्यानंतर अकराव्या दिवशी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, ओस्मो आपल्या आधीच्या बायकोच्या घरी गेला.

चौकशीच्या अहवालात तिचा उल्लेख 'बाधित व्यक्ती' असा आहे. तिचं नाव तुइया. वय बेचाळीस. ती इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. या सभागृहात ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत, त्यांच्या मुलांनी गुरुवारचं वाटाण्याचं सूप तिच्या हातचं खाल्लं आहे. फाईल लाउरीकडे गेली तेव्हा रायलीनं तिला फोन करून सांगितलं होतं, आता मी येणार नाही, नवीन माणूस आहे, तो तुला फोन करेल. या एका वाक्यानं रायलीला रोज सकाळी जाग येते. हे मला तिनं सांगितलं नाही, तिच्या नवऱ्यानं सांगितलं.

चौकशी समितीचा अहवाल या जानेवारीत आला. तक्ता योग्य रीतीनं भरला होता. अधिकारी प्रशिक्षित होता. प्रशिक्षणाचं मूल्यमापन समाधानकारक होतं, इथे माझ्या नव्वद पूर्णांक नऊचा आदरानं उल्लेख आहे. कुणाचीही चूक नाही. फक्त एक वाक्य आहे, पान सदतीसवर. 'आधीच्या अधिकाऱ्याने आपली चिंता कोठेही लेखी नोंदवल्याचे आढळत नाही.'

एवढंच वाक्य. त्यानंतर उत्तरेहून बैठकीसाठी रायली तुमच्या कार्यालयात आली की कॉफीच्या टेबलाशी बोलणं बंद व्हायचं, असं मी ऐकलं. कुणी काही म्हणालं नाही. आपण कधीच काही म्हणत नाही. सहा महिन्यांनी तिनं अर्ज दिला.

ते वाक्य खोटं आहे. समितीनं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, त्यांना आढळलं नाही कारण ते माझ्या कपाटात होतं. रायलीनं लेखी नोंदवलं होतं. ओस्मोला कधीही वाचता येणार नाही अशा एकमेव जागी तिनं ते लिहिलं होतं, निनावी उत्तरपत्रिकेच्या समासात, वर्गाच्या शेवटच्या दिवशी, मी बटाटे घेऊन निघून गेल्यानंतर. समासातल्या शेऱ्यांना मी क्रमांक देतो. एक म्हणजे प्रश्न कळला नाही, दोन म्हणजे भाषा अवघड, असं. कशातच न बसणारा शेरा म्हणजे नऊ. तिच्या शेऱ्याला मी नऊ दिले.

जानेवारीत पान सदतीस वाचलं त्याच दिवशी मला हे आठवलं. आणि आठ महिने मी गप्प बसलो. का? भीती वाटली म्हणून. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत, माझं प्रशिक्षण आता चौदा जिल्ह्यांत चालतं, भिंतीवर पत्र आहे. आणि नियम माझ्या बाजूनं होता. सहभागींना आम्ही लिहून देतो की कागद निनावी राहतील, दुसऱ्या कशासाठीही वापरले जाणार नाहीत आणि दोन वर्षांनी नष्ट होतील. गेल्या महिन्यात नष्ट करायच्या कागदांची यादी सहीसाठी माझ्यासमोर आली. त्या वर्गाचा गठ्ठा तिसऱ्या ओळीत होता. सही केली असती तर या महिन्याच्या तीस तारखेला पान सदतीसवरचं वाक्य कायमचं खरं झालं असतं.

मी सही केली नाही. कागद काढून समितीकडे पाठवला. त्यांचं उत्तर गेल्या मंगळवारी आलं, अत्यंत सभ्य भाषेत. प्रशिक्षणातले निनावी कागद हे प्रकरणातले कागद धरता येत नाहीत, चौकशी बंद झाली आहे, आपल्या दक्षतेबद्दल आभार. दक्षता हा शब्द त्यांनीच वापरला आहे. मंत्रालयाला मी दुरुस्त केलेला अहवाल पाठवला आहे. एकोणनव्वद पूर्णांक सहा, आणि खाली असं वाक्य की चौथ्या प्रकरणात बारापैकी अकरा जणांचं आणि खुद्द उत्तर ठरवणाऱ्याचं उत्तर चुकलं, एकीचं बरोबर आलं आणि तिला नापास केलं. त्याचं उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा तेही सभ्यच असेल.

म्हणून शेवटी हे सभागृह उरलं. शनिवारी मी रायलीच्या घरी गेलो, तो कागद घेऊन. कागद तिचा आहे, निनावीपणाचं वचनही तिलाच दिलेलं होतं, तेव्हा तिच्या परवानगीशिवाय मला बोलता येत नव्हतं. तिनं मला कॉफी दिली. मग म्हणाली, "बोल. पण मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस, मला बरं वाटणार नाहीये. आणि तुइयाचं नाव घे. तिच्या आईला मी विचारलंय."

तर आता तो शेरा मी जसाच्या तसा वाचतो. अध्यक्ष महोदय, एवढं होऊ द्या, मग मी बसतो.

'प्रश्न सतरा, अठरा आणि तेवीसला मी दोन-दोन गुण दिले आहेत. हा माणूस नीटनेटका झाला की धोका असतो. लाकडांची रास सरळ दिसली की त्याच दिवशी बायकोला फोन करायचा आणि बहिणीकडे जायला सांगायचं. तिला ठाऊक आहे, फक्त सांगावं लागतं. हे फायलीत लिहिता येत नाही, तो फाईल वाचतो. म्हणून इथे लिहिते आहे. कुणीतरी वाचेल. तिचा नंबर'

यापुढे वाचता येत नाही. यापुढे कागदावर काळ्या शाईची बोटभर रुंद रेघ आहे. ती मी मारलेली आहे. निनावी कागदावर कुणाचा खासगी नंबर राहणं नियमात बसत नाही, म्हणून शेऱ्याला नऊ देण्याआधी मी पेन घेतलं आणि तो नंबर नीट, एकही आकडा दिसणार नाही असा, खोडून टाकला. इतका वेळ मी तुम्हाला सांगत आलो की मी ऐकलं नाही, मी लक्ष दिलं नाही, मी मोजण्यात गुंतलो होतो. ते सगळं त्या रेघेपुढे टिकत नाही. खोडण्यासाठी मला तो नंबर शोधावा लागला आणि शोधण्यासाठी त्याआधीचा प्रत्येक शब्द वाचावा लागला. मी वाचलं होतं. तुइया त्यानंतर सात महिने जिवंत होती.

रायली, तू कुणाकडून काही मागितलं नाहीस, म्हणून मी मागतो. योर्मा, तिच्या सेवापुस्तकात हा कागद जोडून घे, शेऱ्यासकट आणि रेघेसकट. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, मी नियम तपासून आलो आहे. आणि कॉफीच्या टेबलाशी जे गप्प झाले होते, त्यांनी आज जाण्यापूर्वी तिच्याशी दोन शब्द बोलावेत. कोणतेही चालतील.

या कार्यक्रमासाठी राबलेल्या सर्वांचे, सभागृह देणाऱ्या पाद्रीबाईंचे, वर कोळंबी लावलेला हा सुरेख खारा पाव-केक मी उगाच थांबवून ठेवला तरी शांत राहिलेल्या तुम्हा सर्वांचे, आणि आज यायचं धाडस केल्याबद्दल लाउरीचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द लागला असेल, वेळ तर जास्त घेतलाच, तेवढं आपण पोटात घालावं. त्या रेघेबद्दल मात्र तुमच्याकडे माफी मागण्यात अर्थ नाही. ती माफी द्यायचा अधिकार एकाच बाईला होता, आणि तिला मी फोन केला नाही.